डिझेल कीं पेट्रोल : शहरांतील लहान फेऱ्यांची गोष्ट

शहरांत राहणारा गृहस्थ मोटार घेण्याचें मनांत आणतो तेव्हां किंमत, रंग आणि बसण्याची सोय यांच्या पाठोपाठ एक प्रश्न त्याच्यापुढें हमखास उभा राहतो : गाडी पेट्रोलची असावी कीं डिझेलची? प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु त्याचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें ध्यानांत येतें कीं, यंत्रानें आपलें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेवलें होतें. निवड मात्र बहुतेक वेळां सरकारी करानें केली.

दोन्ही एंजिनें जर्मनींत जन्मास आलीं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा आणि तेलाची वाफ यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. रुडोल्फ डिझेल यानें या ठिणगीला रजा दिली. नुसती हवा पंधरा ते वीस पट दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें, एवढीच त्याची कल्पना. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत ती सिद्धीस गेली तेव्हां तेलांतील उष्णतेचा चतुर्थांशाहून किंचित् अधिक भाग कामीं येत होता. त्या काळच्या सामान्य वाफेच्या यंत्राला त्याच्या निम्मेंही साधत नसे. पण हें एंजिन अवजड होतें. तें रस्त्यावर नांवारूपास आलेलें पाहणें डिझेलच्या नशिबीं नव्हतें. १९१३ च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रींतून नाहींसा झाला. पुढें बॉश कारखान्यानें १९२७ पासून तेल उडविणारा सुटसुटीत पंप बाजारांत आणला, आणि मग या एंजिनाला मोटारींत जागा मिळूं लागली.

१९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझ-बेंझची ‘२६० डी’ ही मोटार मांडण्यांत आली. अडीच लिटरांहून थोडें मोठें एंजिन आणि ४५ अश्वशक्ति, असा तिचा बेताचा जोर. ती धडधडे, धूर सोडी, आणि वेगाच्या नांवानें आनंदच होता. तरीही तिला गिऱ्हाईक मिळालें, आणि तें कोण, हें पाहण्यासारखें आहे. श्रीमंत हौशी लोक तिच्याकडे फारसे वळले नाहींत. तिला उचलून धरलें तें टॅक्सीवाल्यांनीं. शंभर किलोमीटरांस पेट्रोलच्या तशाच मोटारीला सुमारें तेरा लिटर तेल लागे, तेथें हिचें काम साडेनऊ लिटरांत भागे. युद्धामुळें उत्पादन थांबेपर्यंत अशा सुमारें दोन हजार मोटारी तयार झाल्या.

म्हणजे डिझेलनें मोटारींत पहिलें पाऊल टाकलें तें शहरांतल्या लहान फेऱ्यांसाठींच! मग शहरांत डिझेल चालत नाहीं असें जें म्हणतात त्याचा अर्थ काय? तो समजण्यासाठीं लंडनकडे वळलें पाहिजे.

इंग्लंडांत १९३५ पर्यंत बसगाड्यांच्या डिझेलवर गॅलनमागें एकच पेनी कर होता, पेट्रोलवर मात्र आठ. त्या वर्षींच्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनीं डिझेलवरही आठ पेनी कर बसवून ही सवलत काढून घेतली. सवलत गेली म्हणजे डिझेलही जाईल असा कोणाचा तर्क असल्यास तो खोटा ठरला. लंडनच्या बसगाड्या डिझेलकडे वळतच राहिल्या. १९३९ पासून आलेल्या प्रसिद्ध ‘आर. टी.’ जातीच्या दुमजली बसला डिझेलचेंच एंजिन होतें. कर सारखा झाला तरी गॅलनमागें अधिक मैल जाणारें यंत्र बस चालविणाऱ्यांना परवडतच होतें. टॅक्सींनीं तोच मार्ग धरला; १९५४ पासून ऑस्टिनची लंडन टॅक्सी डिझेल एंजिनासह मिळूं लागली, आणि तिनें पेट्रोलच्या टॅक्सीला लवकरच मागें टाकलें.

बस आणि टॅक्सी या दोहोंची प्रत्येक फेरी लहानच असते. फरक इतकाच कीं, उतारू बदलतात पण एंजिन थंड होत नाहीं. सकाळीं तापलेलें यंत्र रात्रीं डेपोंत परतेपर्यंत तापलेलेंच राहतें. नुसतें उभें राहून धडधडतांना डिझेल फार थोडें तेल पितें, त्यामुळें चौकाचौकांत थांबणेंही त्याला जड जात नाहीं. घरच्या मोटारीची तऱ्हा निराळी. ती मुलांना शाळेंत पोंचविते आणि थांबते. दोन तासांनीं बाजारांत जाते आणि पुन्हां थांबते. दर वेळीं एंजिन थंडच असतें. येथें थंड म्हणजे हिवाळ्यांतील लंडनसारखें नव्हे. नव्वद अंशांवर सुखानें चालणाऱ्या यंत्राला मुंबईच्या उन्हाळ्यांतील तीस-पस्तीस अंशही थंडच. आणि गंमत अशी कीं, डिझेल उष्णता कमी वाया घालवितें म्हणूनच त्याला तापावयास वेळ अधिक लागतो. तीन मैलांच्या फेरीचा बराचसा भाग तें तापण्यांतच घालवितें. त्याची काटकसर जेथें सुरू व्हावयाची तेथें गृहस्थाचें घर येतें.

भारतांत या यांत्रिक प्रश्नावर दुसरा एक प्रश्न येऊन बसला. शेतीचे पंप, मालमोटारी आणि आगगाड्या डिझेलवर चालतात म्हणून सरकारनें त्याची किंमत अनेक वर्षें हेतुपुरस्सर कमी ठेवली. हेतु वाईट नव्हता. पण पंपावर तेल घेतांना हा शेतकरी कीं हा मलबार हिलवरचा मोटारमालक, असें कोणी विचारीत नाहीं. १९९८ च्या अखेरीस टाटांची ‘इंडिका’ आली आणि लहान डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. जून २०१० मध्यें पेट्रोलचा भाव बाजारावर सोडण्यांत आला, डिझेलचा मात्र नाहीं. त्यामुळें मे २०१२ च्या अखेरीस दिल्लींत पेट्रोल लिटरास ७३ रुपये १८ पैसे, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे अशी स्थिति आली. त्या सुमारास देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

या गिऱ्हाइकांना लाभ किती झाला, हें साध्या हिशेबानें पाहतां येतें. पेट्रोलची गाडी लिटरास १५ किलोमीटर व डिझेलची २० जाते, आणि डिझेलची गाडी एक लाख रुपयांनीं महाग आहे, असें धरावें. वरील भावानें पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ८८ पैसे येतो, डिझेलचा २ रुपये ५ पैसे. किलोमीटरमागें २ रुपये ८३ पैसे वांचले, तर लाख रुपये फिटण्यास सुमारें ३५,००० किलोमीटर धांवावें लागतें. रोज शंभर किलोमीटर फिरणारा टॅक्सीवाला तितकें वर्षभरांत धांवतो. रोज दहा किलोमीटर, वर्षांतून तीनशें दिवस, अशी गाडी काढणाऱ्या गृहस्थाला त्यासाठीं जवळजवळ बारा वर्षें लागतील. आणि हा हिशेब भावांतील अंतर अत्यंत मोठें असतांनाचा! पंपावर दर वेळीं वांचलेले पैसे दिसतात. आरंभीं जास्त मोजलेले लाख रुपये तितकेसे आठवत नाहींत.

हिशेबांत न येणारा खर्च हवेंत जात होता. दिल्लींत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानें बसगाड्यांना डिझेल सोडून दाबलेल्या नैसर्गिक वायूवर यावें लागलें. मुंबईंतही उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना याच वायूची वाट धरावी लागली. येथें ठिणगीच्या एंजिनाची जुनी सोय उपयोगी पडली. तें थोड्या फेरफारानें वायूवर चालतें, डिझेलच्या एंजिनाला तें सहज जमत नाहीं. २०१२ च्या जूनमध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला. त्यानंतर तीन वर्षांनीं, सप्टेंबर २०१५ मध्यें, फोक्सवॅगनचें प्रकरण उघडकीस आलें. परीक्षेच्या वेळींच तेवढा धूर शुद्ध ठेवण्याची युक्ति जगभरच्या सुमारें एक कोटि दहा लक्ष मोटारींत बसविलेली होती.

धूर खरोखरच शुद्ध करावयाचा तर काजळी अडविणारी गाळणी लागते, आणि या गाळणीनें जुना यांत्रिक प्रश्न पुन्हां पुढें आणला. सांचलेली काजळी जाळून टाकण्यास सुमारें सहाशें अंश उष्णता लागते. मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग धांवल्यास हें काम चालकाच्या नकळत उरकतें. शाळा आणि बाजार एवढेंच जग असलेल्या गाडीची गाळणी मात्र भरत जाते. जाळण्याची क्रिया अर्ध्यावर तुटली म्हणजे न जळलेलें डिझेल वंगणाच्या तेलांत उतरतें, आणि शेवटीं दुरुस्तीचा मोठा आंकडा मालकाच्या हातीं पडतो. टॅक्सीवाल्याला ही पीडा क्वचितच होते.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचाही भाव बाजारावर सोडण्यांत आला आणि दोन तेलांतील अंतर आटूं लागलें. १ एप्रिल २०२० पासून धुराचे ‘भारत-सहा’ हे कडक नियम लागू झाले. लहान मोटारीला नवी गाळणी व तिचा सरंजाम बसविणें परवडेना. देशांत सर्वांत अधिक मोटारी विकणाऱ्या मारुतीनें त्याच वेळीं डिझेलच्या मोटारी करणेंच सोडून दिलें. मुंबईंत १९३७ पासून धांवणाऱ्या दुमजली बसच्या परंपरेंतील शेवटची डिझेलची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं रस्त्यावरून निघाली. विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत शहरांत फिरूं लागल्या होत्या. त्यांना तापण्याची वाट पहावी लागत नाहीं.