श्रुतरक्षणाची वास्तू : अहमदाबादचे लालभाई दलपतभाई विद्यामंदिर

जैन समाजाने जिनमंदिरांइतक्याच श्रद्धेने ज्ञानभांडारे जपली, हे सर्वश्रुत आहे. जेसलमेरच्या किल्ल्यात संभवनाथ मंदिराच्या तळघरातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आणि पाटणची भांडारे ही त्याची ठळक उदाहरणे होत. पोथ्या वस्त्रात घट्ट बांधाव्यात, लाकडी पेट्यांत ठेवाव्यात, कीड लागू नये म्हणून जवळ वेखंड ठेवावे आणि कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या दिवशी, त्या बाहेर काढून झाडपूस व पूजन करावे, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालली. या व्यवस्थेने ग्रंथ वाचले. तथापि अभ्यासकाला त्यांचे दर्शन दुर्लभच राहिले. भांडाराची किल्ली मिळाली तरी यादी अपुरी असे, आणि यादी मिळाली तरी बसून वाचावयास जागा नसे.

ही उणीव ओळखली आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी. पाटण, खंभात आणि १९५० च्या सुमारास जेसलमेर येथील भांडारांत त्यांनी स्वतः बसून विस्कळीत ताडपत्रे जुळविली, सूची सिद्ध केल्या. पाटणची विखुरलेली भांडारे एका छताखाली आणण्यासाठी हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिराची वास्तू उभी राहिली व १९३९ मध्ये तिचे उद्घाटन झाले, हे त्या दिशेने पडलेले मोठे पाऊल होते.

पुढचे पाऊल अहमदाबादेत पडले. महाराजांच्या प्रेरणेने गिरणीमालक श्रेष्ठी कस्तुरभाई लालभाई यांनी १९५६ मध्ये हे विद्यामंदिर स्थापिले आणि महाराजांनी आपल्या संग्रहातील सुमारे १०,००० हस्तलिखिते संस्थेस अर्पण केली. येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. संग्रह आधी मिळाला आणि त्याच्या गरजेनुसार वास्तूची आखणी झाली. आपल्याकडे बहुधा आधी इमारत बांधली जाते, संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरली जातात, आणि आत ठेवावे काय याचा विचार मागाहून होतो.

आराखड्याचे काम सोपविले गेले पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्याकडे. पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम करून ते त्यांच्याच अहमदाबादमधील इमारतींच्या देखरेखीसाठी १९५४ मध्ये परतले होते. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक लाभले. या कामाच्या वेळी मात्र ते ऐन तिशीतले होते. हस्तलिखितांस ऊन, उष्णता आणि दमट हवा हे तिन्ही शत्रू. ठाण काही दिवस उन्हात राहिले तर रंग उडतो, हे कोणताही कापडव्यापारी जाणतो. पोथीचीही तीच गत. म्हणून दोशींनी पोथ्यांचे भांडार अर्ध्या तळघरात योजिले, जेथे वातावरण थंड राहील आणि उजेड सौम्य होऊन येईल. वर अभ्यासकांसाठी जागा व भोवती ऊन अडविणाऱ्या खोल ओवऱ्या ठेविल्या. काँक्रीटच्या या वास्तूत जुन्या उपाश्रयाची आठवण जाणकारांना होते. जेसलमेरच्या पूर्वजांनीही तळघरच निवडले होते, हे येथे सहज आठवते.

१९६२ च्या सुमारास वास्तू पूर्ण झाली. परंतु वास्तूचा खर्च एकदाच होतो; सूचिकार, ग्रंथपाल, संशोधक, छपाई यांचा खर्च दरवर्षी उभा राहतो. जमाखर्च जाणणाऱ्या मनुष्यास हा भेद सांगावा लागत नाही, तरीही विश्वस्त मंडळांच्या बैठकांत तो वारंवार विसरला जातो. कस्तुरभाईंनी तो विसरला नाही. पंडित दलसुखभाई मालवणिया यांच्यासारखा बनारसचा विद्वान १९५९ मध्येच, म्हणजे वास्तू पुरी होण्यापूर्वी, संचालक म्हणून आणला गेला. १९६३ मध्ये पुण्यविजयजींच्या संग्रहाच्या सूचीचा पहिला भाग संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि १९७२ पासून ‘संबोधि’ हे संशोधनपत्र निघू लागले. आता देशातील किंवा परदेशातील अभ्यासकास अमुक पोथी कोठे आहे हे घरबसल्या कळू लागले.

महाराजांचे १९७१ मध्ये मुंबईस देहावसान झाले. कस्तुरभाई १९८० मध्ये निवर्तले. कार्य मात्र थांबले नाही. १९८४ मध्ये शेजारी स्वतंत्र संग्रहालय झाले व शिल्पे, धातुमूर्ती आणि सचित्र पोथ्या सामान्य दर्शकांसमोर आल्या. नानालाल चमनलाल मेहता यांचा लघुचित्रांचा विख्यात संग्रह, ज्यात ‘चौरपंचाशिका’ची चित्रे आहेत, तो पूर्वी कॉर्ब्युझिए यांनीच आखलेल्या शहरातील संस्कार केंद्रात होता. १९९० च्या दशकात तोही या परिसरात आणण्यात आला.