वीणा कुणाच्या गळ्यात?

आषाढी वारीच्या दिंडीत सर्वांत कमी ऐकू येणारे वाद्य म्हणजे वीणा. टाळ-मृदंगाच्या गजरात तिची तार खुद्द विणेकऱ्याला तरी ऐकू येत असेल का, शंकाच आहे! तरीही दिंडीत मान त्याचा. पुढे चाल म्हणणारे गायक असतात, पण भजनाच्या क्रमाची जबाबदारी परंपरेने विणेकऱ्याची. म्हणून तिथे नुसता गोड गळा पुरत नाही. अभंग मुखोद्गत हवेत, आणि माणूस नेमाचा हवा.

मग त्याला निवडतो कोण? एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले. सोहळ्यात लष्करी वळण आले ते तिथूनच, असे मानतात. रथापुढे आणि रथामागे दिंड्यांचे क्रमांक ठरले. हा मान पुढे फडाच्या घराण्यात वारशाने चालत राहिला. वीणा एक तर घरातल्याकडे, नाही तर घराच्या विश्वासातल्याकडे.

मृदंगाला मात्र हा न्याय लावता येत नाही. वारसाचा हात कच्चा असेल, तर दहा पावलांत टाळकऱ्यांची लय सुटेल. तिथे तयार हातच लागतो. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या मुलांना घराण्याबाहेर राहूनही हे शिकण्याची सोय झाली. माझ्या मते वारीच्या संगीतातला हा सर्वांत मोठा बदल. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही, एवढेच.

जातीचा प्रश्न अर्थात सुटला नव्हता. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिले, की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे बरोबर गात, जेवायला मात्र वेगळे बसत. अशा ठिकाणी वीणा कुणाकडे जाणार, हे गळा ऐकून ठरत नसे.

उलट गावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहा. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला उभा राहील तो विणेकरी! तिथे घराणे कोण विचारतो?

आणि दिंडीवर अन्याय झाला तर? मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात. सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि मगच ते टाळ शांत होतात.