शंभराचे दोनशे, त्यापुढे नाही

पुढच्या पगारापर्यंत निभावून नेण्यासाठी ब्रिटनमध्ये जे महागडं, अल्पमुदतीचं कर्ज मिळतं, त्याला 2 जानेवारी 2015पासून लगाम आहे. दिवसाला मुद्दलाच्या 0.8 टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही, थकबाकीचा दंड 15 पौंडांपर्यंतच, आणि व्याज, फी, दंड सगळं धरून मुद्दलाइतकी रक्कम झाली की मीटर बंद. शंभर पौंड घेतले तर कितीही रखडलं तरी दोनशेच फेडायचे. आपल्याकडे याला दामदुपट म्हणतात. तिथवर पोचायला इंग्लंडला 470 वर्षं लागली.

मध्ययुगात चर्चच्या लेखी व्याज घेणं हेच पाप होतं. आठव्या हेन्रीच्या 1545च्या कायद्याने दरसाल दर शेकडा 10 ही मर्यादा घातली, म्हणजेच तेवढ्या व्याजाला वाट करून दिली. 1552 साली पार्लमेंटने पुन्हा सगळंच व्याज बंद केलं. 1571मध्ये, एलिझाबेथच्या राज्यात, दहाची मर्यादा परत आली. मग आकडा उतरत गेला: 1624 साली 8, 1651 साली 6, आणि ॲन राणीच्या कायद्याने 1714पासून 5. ॲनचा कायदा कडक होता. जास्त व्याज लावलेलं खत रद्द, वर दिलेल्या रकमेच्या तिप्पट दंड.

सावकारांनी याला बगल दिली ती वर्षासनाने. गरजू जमीनदाराने रोख रक्कम घ्यायची आणि जिवंत असेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. तो मेला तर मुद्दल बुडणार, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हे कर्जच नव्हे. मिळकत मात्र पाच टक्क्यांच्या कितीतरी वर.

मर्यादा असावी, पण बाजारातल्या चांगल्या तारणाच्या दराहून थोडीच वर, असं ॲडम स्मिथने 1776मध्ये लिहिलं. जेरेमी बेंथमने 1787 साली रशियातून लिहिलेल्या पत्रांत त्याला विरोध केला: शहाण्यासुरत्या माणसाला हव्या त्या दराने कर्ज घ्यायची मुभा का नसावी? जिंकला बेंथम. 1833मध्ये अल्पमुदतीच्या हुंड्या मोकळ्या झाल्या आणि 1854 साली व्याजमर्यादेचे सगळेच कायदे रद्द झाले. बेंथमचा युक्तिवाद धारदार आहे, पण माझ्या मते त्यात एक माणूस बसतच नाही: ज्याला पैसे आजच हवे आहेत आणि घासाघीस करायला जागाच नाही असा.

ही लाट वर्षभरात हिंदुस्थानात आली. इथे 1773च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांना 12 टक्क्यांची मर्यादा होती. 1855च्या कायद्याने ती गेली, आणि खतात लिहिलेला दर कोर्टाने मान्य करायचा असं ठरलं. कापसाचे पडलेले भाव आणि वाढलेला शेतसारा यांची त्यात भर पडली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून खतं आणि वह्या ताब्यात घेतल्या. त्यातून 1879चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. खतावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता न्यायाधीशाने व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशोब तपासायचा, हे त्याचं मर्म. असाच अधिकार ब्रिटनने आपल्या कोर्टांना 1900 साली दिला. 1927मध्ये तर 48 टक्क्यांच्या वरचा दर जाचक आहे असं गृहीत धरायला सांगितलं. तो तसा नाही हे सावकाराने सिद्ध करायचं.

1974च्या कायद्याने हा आकडाही काढून टाकला. भर राहिला तो वार्षिक दर जाहीर करण्यावर. तो दर पगारापर्यंतची कर्जं देणारी वोंगा कंपनी उघडपणे छापत होती: 5,853 टक्के! आकडा दिसतो म्हणून गरज थांबत नाही, हे लाखो घरांनी अनुभवलं. 2013च्या कायद्याने पार्लमेंटने वित्तीय नियामकाला मर्यादा घालायला भागच पाडलं.

कोर्टात थकबाकी मागताना मात्र इंग्लंडमध्ये साधा, जुन्या वळणाचा हिशोब चालतो. तिथे सहसा 8 टक्के सरळव्याज लावतात: हजार पौंडांवर वर्षाला 80, भागिले 365, म्हणजे दिवसाला सुमारे 22 पेन्स.

आता महागड्या कर्जाच्या शंभर पौंडांवर दिवसाला 80 पेन्स धरा. एकशे पंचविसाव्या दिवशी शंभर पुरे होतात आणि वाढ थांबते. 1855नंतरही मुंबई हायकोर्टाने हिंदू कर्जदारांसाठी जवळपास हाच नियम राखला होता: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाणार नाही. फ्रिज, धुलाईयंत्रं हप्त्यांवर देणाऱ्या दुकानांनाही ब्रिटनने 1 एप्रिल 2019पासून ही मर्यादा लावली. क्रेडिट कार्ड अजून तिच्या बाहेर आहे.