गॉगलची काच : सावली की संरक्षण?

उन्हाळा सुरू झाला की एस. टी. स्टँडबाहेर, आठवड्याच्या बाजारात, उरुसाच्या आणि जत्रेच्या दुकानांतून गॉगलच्या रांगा लागलेल्या दिसतात. आखातात नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर येताना घरातल्या लहानथोरांसाठी गॉगल घेऊन येतो. मुलांना तो ऐटीसाठी हवा असतो, मोठ्यांना उन्हासाठी. दुकानदाराला मात्र आपण सारे एकच प्रश्न विचारतो : "याहून काळा आहे का?" काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, असे आपण जणू गृहीतच धरले आहे. वाचकहो, हे गृहीत कितपत खरे आहे, हे एकदा इतिहासाला विचारून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोळ्याला उन्हापासून जपण्याची धडपड काचेहूनही जुनी आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणारे इन्युइट लोक, ज्यांना आपण पाठ्यपुस्तकांत एस्किमो म्हणून ओळखत आलो, ते शेकडो वर्षांपूर्वीपासून लाकूड, हाड किंवा हस्तिदंत कोरून डोळ्यांवर बांधायची पट्टी तयार करीत. तिला दोन बारीक आडव्या फटी असत. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे लाल होऊन काही काळ दिसेनासे होते. या विकाराला हिमांधत्व म्हणतात. फटीतून मोजकाच प्रकाश आत जाई आणि लाकूड बाकीचे सर्व काही अडवी. या साधनात काच नव्हती आणि रंगही नव्हता, तरी संरक्षण मात्र पूर्ण होते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे काच आली तेव्हा माणूस नेमके हेच विसरला.

रोमचा बादशहा नीरो पाचूतून ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहत असे, अशी नोंद पहिल्या शतकातील लेखक प्लिनी याने केली आहे. तो पाचूच्या आरपार पाहत होता की पाचूचा आरशासारखा उपयोग करीत होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. चीनमध्ये धुरकट स्फटिकाचे चष्मे वापरात होते. साक्षीपुरावा ऐकताना आपल्या डोळ्यांतील भाव कोणाला कळू नयेत म्हणून न्यायाधीश असे चष्मे लावीत, असे सांगितले जाते. यांतील एकही उपाय डोळ्याच्या शास्त्रावर आधारलेला नव्हता, कारण डोळा पाहतो कसा, हेच तोवर उलगडले नव्हते.

ते कोडे सोडविण्याचा मोठा मान इब्न अल्-हैथम या शास्त्रज्ञाकडे जातो. इ. स. ९६५च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या आणि पुढे कैरो येथे काम केलेल्या या विद्वानाने १०११ ते १०२१ या काळात 'किताब अल्-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले की वस्तू दिसते, असे मत त्याच्या आधीच्या अनेक पंडितांनी मांडले होते. इब्न अल्-हैथमने साधा अनुभव पुढे ठेवला : सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. डोळ्यातूनच काही बाहेर जात असते, तर बाहेरच्या प्रकाशाने डोळ्याला वेदना का व्हावी? अर्थात प्रकाश बाहेरून आत येतो आणि डोळ्यावर परिणाम करतो. इ. स. १२००च्या सुमारास या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले व १५७२ साली ते बाझेल येथे छापले गेले. युरोपात प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्यांनी ते अभ्यासले. जुन्या थोरांचे म्हणणेदेखील तपासल्याशिवाय मानू नये, हा या शास्त्रज्ञाचा बाणा होता. आपल्यालाही तोच पुढे उपयोगी पडणार आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत वाचण्याचा चष्मा तयार झाला. रंगीत काचेचा विचार मात्र फार उशिरा झाला. लंडनचा चष्मेवाला जेम्स आयस्कॉ याने १७५२च्या सुमारास निळसर आणि हिरवट काचांचा पुरस्कार केला. पांढऱ्या काचेतून येणारा प्रकाश डोळ्यांना त्रासदायक होतो, असे त्याचे मत होते. त्याचा हेतू उन्हाशी लढण्याचा नव्हता, दृष्टीला आराम देण्याचा होता. तरीही रंगीत काच म्हणजे डोळ्याला विसावा, ही समजूत तेव्हापासून रुजली.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका खगोलशास्त्रज्ञाने. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल १८०० साली दुर्बिणीतून सूर्याचा अभ्यास करीत होता. त्यासाठी तो निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरून पाही. त्याला असे आढळले की काही काचांतून उजेड थोडा येतो, पण उष्णता भरपूर जाणवते, तर काहींतून उजेड भरपूर येऊनही उष्णता जवळपास जाणवत नाही. म्हणजे काच काळी असली तरी ती सर्व काही अडवते असे नाही! या निरीक्षणाचा पाठपुरावा करताना त्याला तांबड्या रंगापलीकडच्या अदृश्य उष्ण किरणांचा, म्हणजे अवरक्त किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीतील योहान रिटर याने दुसऱ्या टोकाचा शोध घेतला. सिल्व्हर क्लोराइड हा चांदीचा क्षार प्रकाशात काळा पडतो. रिटरने पाहिले की जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तो सर्वांत लवकर काळा पडतो. हेच ते जंबुपार किंवा अतिनील किरण.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रखर उजेडाची तक्रार डोळा स्वतः करतो, हे इब्न अल्-हैथमने दाखविले होते. पण अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि पडताक्षणी दुखतही नाहीत. ज्या शत्रूविरुद्ध डोळा तक्रारच करीत नाही, त्याची खबर डोळ्याला विचारून कशी मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या भट्टीपाशी सापडले. काच वितळविणाऱ्या कामगारांना वर्षानुवर्षे भट्टीकडे पाहून मोतीबिंदू होत असे. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या वतीने वृद्ध रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम क्रुक्स यांनी यावर काम केले. निरनिराळ्या धातूंची संयुगे घालून त्यांनी तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा बनविल्या व तपासल्या आणि १९१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. सीरियम या मूलद्रव्यामुळे काच अतिनील किरण शोषून घेते, हे त्यांनी दाखविले. विशेष म्हणजे अशी काच गडद असावी लागत नाही, अगदी फिकट रंगाची काचही अतिनील किरणांना अडवू शकते. काळेपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

अतिनील किरणांचे दुष्परिणाम पुढे अधिकाधिक स्पष्ट होत गेले. हे किरण बुबुळाला सूज आणतात, डोळ्यात मांस वाढण्यास, म्हणजे वडस येण्यास, हातभार लावतात आणि मोतीबिंदूचा धोका वाढवितात. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या ८३८ कामगारांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यभरात दुप्पट अतिनील-ब किरण पडले होते, त्यांना एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट आढळला. आपल्या कोकणपट्टीवर होडीत दिवस काढणारे, भाताच्या खाचरात वाकून लावणी करणारे आणि उघड्यावर बांधकाम करणारे किती लोक आहेत, याचा विचार केला म्हणजे ही पाहणी परक्या देशाची वाटत नाही.

आता तिसरा शत्रू म्हणजे झगझगाट. पाण्यावरून, ओल्या डांबरी रस्त्यावरून किंवा मोटारीच्या टपावरून येणारी तिरीप डोळे दिपवून टाकते आणि समोरचे दिसेनासे होते. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन मालूस हा अभियंता लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळतीचे ऊन एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरविताच प्रतिबिंब अंधूक झाले. परावर्तित प्रकाशाची कंपने एका विशिष्ट दिशेत बांधली जातात, हे यातून कळले. यालाच ध्रुवण म्हणतात. १८५२ साली ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांनी हिवतापावरच्या क्विनाइनपासून आयोडिनच्या साहाय्याने बनणाऱ्या बारीक स्फटिकांचे वर्णन केले. हे स्फटिक प्रकाशाचे ध्रुवण करीत, परंतु ते अतिशय लहान आणि नाजूक होते. अखेर १९२९ साली एडविन लँड या अमेरिकन तरुणाने असे असंख्य स्फटिक एकाच दिशेने रचलेल्या पातळ पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. खिडकीच्या उभ्या गजांतून आडवी धरलेली काठी जात नाही, तशीच या पडद्यातून आडव्या कंपनांची तिरीप जात नाही, अशी कल्पना करावी. १९३०च्या दशकातच या पडद्याचे 'पोलरॉइड' गॉगल बाजारात आले. मच्छीमाराला आणि वाहनचालकाला ते खरोखर अधिक स्वच्छ पाहू देतात. मात्र ध्रुवण करणारा पडदा आपोआप अतिनील किरणांनाही अडवितो असे समजू नये. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

याच सुमारास गॉगल सर्वसामान्यांच्या हाती आला. १९२९ साली सॅम फॉस्टर याने अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकण्यास सुरुवात केली. १९३७ साली बॉश अँड लाँब कंपनीने वैमानिकांच्या गरजेतून निघालेला हिरव्या काचेचा चष्मा 'रे-बॅन' या नावाने विक्रीस आणला. पुढे सिनेमाच्या नटनट्यांनी गॉगल लावला आणि तो ऐटीची वस्तू बनला. ऐट आली तशी स्वस्त नक्कलही आली, आणि नकलेत काळा रंग तेवढा उतरला.

उन्हात आपोआप काळी होणारी काच आपण पुष्कळांनी पाहिली असेल. कॉर्निंग कंपनीतील डोनाल्ड स्टूकी व विल्यम आर्मिस्टेड या संशोधकांनी १९६०च्या दशकात ती तयार केली. तिच्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अतिनील किरण पडले की चांदी सुटी होते व काच काळवंडते, सावलीत आले की ती पुन्हा पूर्ववत होते. रिटरने १८०१ साली पाहिलेलेच हे काळे पडणे! मोटारीत बसल्यावर ही काच नीट काळी का होत नाही, हेही आता सहज कळेल. पुढची काच बरेचसे अतिनील किरण आधीच अडविते. काचेची जागा पुढे प्लास्टिकने घेतली. पॉलिकार्बोनेटचे भिंग सहसा फुटत नाही आणि पूर्ण पारदर्शक असूनही बहुतेक सर्व अतिनील किरण अडविते. ज्यात जरासुद्धा काळेपणा नाही असे भिंग रक्षण करते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग काळी काच, पण अतिनील किरणांना मोकळी वाट, असा गॉगल लावला तर काय होते? अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किलकिल्या झालेल्या पापण्याही उघडतात. निसर्गाने दिलेले दोन्ही पडदे आपण आपल्या हाताने बाजूला करतो आणि डोळा निर्धास्त होऊन उन्हात उभा राहतो. अशा गॉगलपेक्षा रुंद काठाची टोपी बरी. हा धोका ओळखून ऑस्ट्रेलियाने १९७१ साली गॉगलसाठी मानक ठरविले. पुढे इतर देशांनीही तशी मानके स्वीकारली.

तेव्हा वाचकहो, गॉगल घेताना "किती काळा?" असे न विचारता "काय अडवितो?" असे विचारावे. '४०० नॅनोमीटरपर्यंत अतिनील संरक्षण' अशी खूण पाहावी, आणि शंका असल्यास चष्म्याच्या चांगल्या दुकानात यंत्रावर तपासून घ्यावा. काळेपणाचे क्रमांक शून्य ते चार असतात. नेहमीच्या कडक उन्हाला तिसरा क्रमांक पुरेसा असून त्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश येतो. चौथ्या क्रमांकाचा गॉगल लावून वाहन चालवू नये. गॉगल पोलरॉइड आहे की नाही हे पाहायचे असेल तर तसे दोन गॉगल एकावर एक आडवे-उभे धरावेत, काच जवळजवळ पूर्ण काळी होते. आणि गॉगल कितीही उत्तम असला तरी तो लावून वेल्डिंग करू नये किंवा ग्रहण पाहू नये. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक, आंध्र व ओरिसातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, त्यानंतर १९९५ आणि २००९ सालीही आपल्या देशातून दिसले. अशा वेळी काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्म घराघरांतून बाहेर येते. त्यांतून सूर्य अंधूक दिसतो, पण अदृश्य किरण आत शिरून दृष्टिपटल भाजू शकतात. दृष्टिपटलाला वेदना नसते, म्हणून झालेली हानी उशिरा कळते.

डोळा ही मोठी देणगी आहे, परंतु स्वतःचे सर्व शत्रू त्याला ओळखता येत नाहीत. जिथे डोळ्याची साक्ष अपुरी पडते तिथे शास्त्राची साक्ष घ्यावी लागते. हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून एका विद्वानाने डोळ्याचे दुखणे तपासले आणि त्यातून ज्ञानाचे दार उघडले. आपल्या मुलांना पुढच्या उन्हाळ्यात गॉगल घेऊन देताना त्या तपासण्याच्या वृत्तीचा थोडा अंश आपण दुकानात बरोबर नेला, तरी त्या मुलांच्या दृष्टीचे भले होईल.