कसरीचा इतिहास

दिवाळी उलटली की दिल्लीतील मराठी घरांत एक ठरावीक विधी पार पडतो. पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली जाते, झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा दर्प घरभर पसरतो आणि स्वेटर, कोट, शाली यांची उलथापालथ सुरू होते. आमच्यासारख्या देशावरून आलेल्या माणसांना लोकरीच्या कपड्यांचा हा संसार नोकरीमुळेच चिकटलेला. गावी एक घोंगडे आणि एक मफलर एवढ्यावर हिवाळा निभावत असे. दोन वर्षांपूर्वी अशीच ट्रंक उघडली तेव्हा तळाशी ठेवलेल्या शालीला भोके पडलेली दिसली. आजोबा शाळामास्तर होते. निवृत्तीच्या दिवशी गावकऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर घातलेली ती शाल. मी बदलीवर निघालो तेव्हा वडिलांनी ती माझ्या हवाली केली होती. मी भोके मोजली, कारण कारकुनाचा हात मोजल्यावाचून राहत नाही. सोळा भरली. मग हा प्राणी आहे तरी कोण, याचा शोध घेण्याच्या नादी लागलो.

मराठीत 'कसर' हा शब्द मोठा सैल आहे. जुन्या पोथ्यांची पाने खाणाऱ्या रुपेरी किड्यालाही आपण कसरच म्हणतो आणि लोकर खाणाऱ्या अळीलाही. (हिशेबातील कसर निराळी; तिच्याशी माझा रोजचाच परिचय आहे.) येथे विषय आहे तो लोकरीच्या कसरीचा. तिचा पतंग जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांबीचा, फिकट सोनेरी रंगाचा. गंमत अशी की ज्याला पाहून आपण टाळ्या वाजवीत धावतो तो पतंग कपड्याचा एक धागाही खात नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी साठविलेल्या शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो आणि मरतो. शिवाय खोलीत उडताना दिसतात ते बहुधा नर. अंड्यांनी जड झालेली मादी उडण्यापेक्षा पळणेच पसंत करते आणि अंधारात, घडीच्या आत, चाळीस-पन्नास अंडी घालून मोकळी होते. खाणे असते ते अळीचे, आणि तिचे बालपण हवामान व अन्न यांच्या मानाने दोन महिन्यांपासून दोन वर्षांहूनही अधिक काळ लांबू शकते.

माणसाने हिची नोंद फार पूर्वी घेतली आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात लिहिले की हे जीव लोकरीतच उत्पन्न होतात, लोकर धुळकट असली तर अधिक होतात, आणि तिच्यात कोळी कोंडला गेला तर फारच होतात, कारण कोळी ओलावा पिऊन लोकर कोरडी करतो. धुळीविषयीचे निरीक्षण अगदीच टाकाऊ नाही. कोळ्याने मात्र नाहक बदनामी सोसली. रोमचा केटो हा तत्त्वज्ञ नव्हे, व्यवहारी गृहस्थ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिताना त्याने उपाय दिला तो असा : ऑलिव्हचे तेल गाळल्यावर उरणारे गढूळ पाणी आटवून निम्मे करावे आणि पेटीचा तळ, पाय व कोपरे यांना चोळावे. पुढे प्लिनीने तर अंत्ययात्रेत वापरलेल्या वस्त्राला कसर लागत नाही अशी समजूत नोंदवून ठेवली. ती खरी मानली तर कसरीपासून बचाव करण्याचा याहून महाग उपाय सापडणे कठीण!

या कीटकाकडे खऱ्या जिज्ञासेने पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रान्सचा रेओम्यूर, ज्याचे नाव एका तापमापकामुळे प्रसिद्ध आहे. १७२८ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लोकर आणि कातडी कुरतडणाऱ्या अळ्यांवर निबंध मांडले. त्याने पाहिली ती अळी स्वतःभोवती लोकरीची नळी विणून ती अंगरख्यासारखी घेऊन हिंडणारी. अळी वाढली की अंगरखा आखूड आणि घट्ट होतो. मग ती काय करते? टोकांना नवे धागे जोडून लांबी वाढविते, आणि नळी उभी चिरून मध्ये नवी पट्टी बसविते. आपला शिंपी कळी घालतो तशी. हे नीट दिसावे म्हणून रेओम्यूरने अळ्यांना एका रंगाच्या कापडावरून उचलून दुसऱ्या रंगाच्या कापडावर ठेवले. जुन्या रंगाच्या अंगरख्यात नव्या रंगाच्या पट्ट्या उमटल्या आणि कोणता भाग केव्हा शिवला याचा हिशेब उघड झाला. याहून साधा आणि याहून सुंदर प्रयोग माझ्या वाचनात नाही. जिवंत मेंढीच्या अंगावरील लोकरीला ही कीड का लागत नाही, हाही प्रश्न त्याला पडला. न धुतलेल्या, तेलकट लोकरीला अळ्या सहसा शिवत नाहीत असे त्याला आढळले, म्हणून तशी लोकर कपड्यांवर घासावी असे त्याने सुचविले. टर्पेंटाइनचा वासही त्याने उपयोगी ठरविला.

लिनियसने १७५८ साली या अंगरखेवाल्या जातीला नाव दिले ते कातडीचा व्यापार करणाऱ्यावरून. आज घरोघर आढळणारी, रेशमी जाळे विणणारी दुसरी जात शास्त्रीय नावाने नोंदली गेली ती मात्र १८२३ मध्ये. अलीकडील काही संशोधकांच्या मते ही दुसरी जात मूळची आफ्रिकेतील असून युरोपात ती बरीच उशिरा पसरली. तसे असेल तर ॲरिस्टॉटलची कसर आणि माझ्या ट्रंकेतील कसर या एकच नव्हेत.

आता आपल्याकडे वळू. काश्मीरच्या शालींचा व्यापार जेथे चालला तेथे कसरीशी युद्धही चालले असणारच. काश्मिरी व्यापारी शालींच्या गठ्ठ्यांत एक सुगंधी मूळ ठेवीत. ते म्हणजे कुठ, आपल्या वैद्यांचे कोष्ठ. अथर्ववेदात हिमालयावर उगवणारी ज्वरनाशक औषधी म्हणून गौरविलेली 'कुष्ठ' वनस्पती ती हीच. काश्मीर दरबाराने पुढे तिच्यावर सरकारी मक्ता बसविला, आणि जंगलातून ती इतकी खणली गेली की १९८५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधन आहे. शाली विलायतेला निघाल्या की त्यांच्या घड्यांत आणखी एक पाने असत : पाच. मरवा, दवणा यांच्या जोडीला आपण जिचे नाव घेतो तिच्याच कुळातील. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीनंतर फ्रान्समध्ये काश्मिरी शालींचे वेड पसरले आणि त्यांची हुबेहूब नक्कल करणारे कारखाने निघाले. नक्षी जमली, वीण जमली. पण चाणाक्ष बायका शाल नाकाशी नेऊन पारख करीत. अस्सल शालीला पाचेचा वास असे, नकलीला नसे. शेवटी कारखानदारांनी मर्म ओळखून ती पानेच मागविली. ज्या वासाने कसर दूर राहावी तोच वास अस्सलपणाची खूण ठरावा आणि पुढे पॅरिसच्या अत्तरांत जाऊन बसावा, ही व्यापाराच्या इतिहासातील मोठी मौजेची हकीकत आहे. फ्रान्स-प्रशिया युद्धात, १८७०-७१ साली, शालींचा तो बाजार बसला. वास मात्र टिकला.

डांबरगोळीचा उगम असा रम्य नाही. १८२०च्या सुमारास दगडी कोळशाच्या डांबरातून एक पांढरा, उग्र वासाचा पदार्थ निघाला. ऑक्सफर्डच्या किडने त्याला नॅफ्थलीन हे नाव दिले. आपल्या 'डांबरगोळी' या शब्दात हे सारे मूळ जसेच्या तसे शिल्लक आहे. ती काम करते, पण घट्ट बंद पेटीत वाफ साठली तरच. फटी असलेल्या कपाटात दोन गोळ्या टाकून निश्चिंत होणे म्हणजे पोच न घेता टपाल धाडणे. शिवाय काही तान्ह्या मुलांच्या रक्ताला ही वाफ घातक ठरते, तेव्हा बाळंतविड्याच्या कपड्यांत ती ठेवू नये.

ही अळी लोकर पचविते कशी, याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. लोकर, केस, पिसे, शिंगे ज्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनाचे तंतू गंधकाच्या बंधांनी इतके जखडलेले असतात की बहुतेक प्राण्यांचे पाचकरस त्यांच्यापुढे हात टेकतात. १९३५ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील लिंडरस्ट्रॉम-लांग आणि दुस्पिवा यांनी दाखविले की या अळीच्या आतड्यात अतिशय अल्कधर्मी आणि प्राणवायूचा लवलेश नसल्यासारखी स्थिती असते. तेथे ते बंध प्रथम तुटतात आणि मग पचन होते. केवळ स्वच्छ लोकरीवर मात्र तिची नीट वाढ होत नाही. घाम, डाळीचा डाग, दुधाचा थेंब यांतून तिला जीवनसत्त्वे व क्षार मिळतात. न धुता ठेवलेल्या कोटाची कॉलर आणि बगल प्रथम का जाते, ते यावरून समजेल.

याच कसरीच्या पाठलागातून एक फार मोठी गोष्ट घडली. बाझल येथील गायगी ही रंग बनविणारी कंपनी लोकरीला कसर लागू नये म्हणून द्रव्ये शोधत होती. कीटकनाशकांचा तो शोध पुढे चालविताना तिचा रसायनज्ञ पाउल म्युलर याला १९३९ साली डीडीटीचा गुण सापडला. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९५३ पासून भारताच्या मलेरियाविरोधी मोहिमेत डीडीटीचे फवारे घरोघर पोचले. अमेरिकेने १९७२ साली तिच्यावर बंदी घातली तेव्हा तिचे दुष्परिणाम जगजाहीर झाले होते.

मूळची ही अळी माणसाची नव्हेच. रानात ती पक्ष्यांच्या घरट्यांत, मेलेल्या जनावरांच्या केसांत राहून सफाई करते. आफ्रिकेत तिची एक भाऊबंद हरणांची शिंगे खाते. हे वाचल्यावर मी उठलो आणि क्वार्टरच्या झरोक्यात वर्षानुवर्षे असलेले कबुतरांचे घरटे पाहिले. ट्रंकेपासून ते हातभर अंतरावर होते. रिकामे झाल्यावर ते काढले. शाल रफूगराकडे नेली, मग पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली; वस्तुसंग्रहालयेही हल्ली विषाऐवजी थंडीच वापरतात. मटारांच्या शेजारी आजोबांची शाल पाहून पत्नी काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

सोळांपैकी चौदा भोके रफूगराने बुजविली. उरलेली दोन किनारीवर आहेत. तेथे नक्षी दाट असल्याने त्याने हात लावला नाही. वडिलांना यातले काहीच सांगितलेले नाही. हा अंक मात्र गावी त्यांच्याकडे जातो.