सोपारा (शूर्पारक)

पालघर जिल्ह्याच्या (1 ऑगस्ट 2014 पूर्वी ठाणे जिल्हा) वसई तालुक्यातील प्राचीन बंदर व तीर्थ. पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस जुने गाव आहे. नाळे व सोपारा या दोन गावांवरून स्थानकाचे नाव पडले.

महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात आणि वनपर्वात पांडवांच्या तीर्थयात्रेत शूर्पारक येते. समुद्राने परशुरामासाठी ही भूमी मोकळी केली, असे शांतिपर्व सांगते. पाली ग्रंथांतील सुप्पारक हेच. सिंहलकडे निघालेला राजपुत्र विजय आधी येथे उतरला, असे महावंसात आहे. दिव्यावदानातील पूर्ण हा व्यापारी पुढे भिक्षू झाला, तोही येथलाच.

ग्रंथातील गाव जमिनीवर दाखवायचे, तर नामसादृश्य पुरत नाही. सोपाऱ्याची ओळख भक्कम आहे ती कोरीव लेखांमुळे. नाशिकच्या लेण्यातील, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्या जोडीने शोर्पारगातील धर्मशाळांचा उल्लेख करतो. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेस आधी सुप्पारा व मग कल्याण येते. किनाऱ्यावरचा क्रमही हाच आहे.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकाडवजा जागा खणली. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी आणि पेटीत तांब्याचा करंडक होता. भोवती आठ ब्राँझ बुद्धमूर्ती बसवलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून त्या जपल्या असाव्यात, असे भगवानलालांचे मत. सोबत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातील असल्याने स्तूप नंतर पुन्हा उघडला गेला असावा. 1956 साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

बायबलमधील ओफीर म्हणजे सोपारा, असे काही अभ्यासकांनी मांडले. सॉलोमन राजाची जहाजे ओफीरहून सोने आणत. ग्रीक भाषांतरात हे नाव ‘सोफिर’ असे येते. पण हे मत नावाच्या साम्यावरच उभे आहे. सॉलोमनचा काळ इ. स. पू. दहावे शतक, तर सोपाऱ्यातील शिलालेखी पुरावा अशोकाच्या मागे जात नाही. शिवाय दक्षिण अरबस्तान व पूर्व आफ्रिका यांचेही दावे आहेत. त्यामुळे ही ओळख ग्राह्य धरता येत नाही.

खाडी गाळाने भरल्यावर बंदर संपले. परिसरात केळी, भाजीपाला व फुलांची शेती होती. आता अनेक रहिवासी नोकरीनिमित्त लोकलने मुंबईला जातात. नालासोपारा ज्यात येते ती वसई-विरार शहर महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली (लोकसंख्या 12 लाखांवर, 2011).

स्तूपातील करंडक व मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. खाडीकाठची उरलेली मोकळी जमीन बांधकामाखाली जाण्याआधी तेथे पद्धतशीर उत्खनन व्हायला हवे.