रेणूचा पृष्ठभाग : एका भौमितिक व्याख्येचा इतिहास

इलेक्ट्रॉनांच्या मेघाला निश्चित सीमा नसते. मग रेणूचा पृष्ठभाग कोणता मानावा? १९७१ मध्ये ली व रिचर्ड्स यांनी प्रथिनातील अणूंना गोल मानले. त्यांवरून सुमारे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा जलरेणुरूपी गोल फिरविला असता त्याचे केंद्र जो पृष्ठभाग आखते, तो त्यांनी प्रमाण धरला. १९७७ मध्ये रिचर्ड्स यांनी केंद्राऐवजी गोलाच्या कडेने आखलेला पृष्ठभाग सुचविला. १९८३ मध्ये कॉनोली यांनी तो बहिर्गोल, खोगीराकार व अंतर्गोल तुकड्यांत विभागून गणिताने मांडला. तात्पर्य, संगणकाच्या पडद्यावर दिसणारी, औषधाचा रेणू सामावणारी खाच निवडलेल्या त्रिज्येवरही अवलंबून असते. त्रिज्या वाढविल्यास अरुंद खाच बुजते. म्हणून चित्रासोबत त्यामागील व्याख्याही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे ठरते.